शिशी कवा आणली वं?

मैत्रिणींनो, 'औषध घेतलं का?' हा प्रश्न आपण दिवसातून किती जणांना विचारतो! सासूबाईंना, नवऱ्याला, माहेरी फोन लावला की आईला. पलीकडून 'हो, घेतलं' असं उत्तर आलं की आपली काळजी मिटते. माझीही मिटायची. २०२० सालच्या एप्रिल महिन्यात मात्र या उत्तरावर विसंबून मी चांगलीच फसले.

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाउन सुरू झाला. वाशीमला आमच्या गल्लीत दारोदारी गुढ्या उभ्या होत्या, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एस.टी. बंद, आठवडी बाजार बंद. बचत गटांच्या कामामुळे माझ्या वहीत वाशीम आणि मालेगाव तालुक्यातल्या बऱ्याच बायकांचे नंबर होते. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला दमा, तर एकीचा नवरा डायलिसिसवर. कोरोना अशा लोकांना जास्त त्रास देतो, हे टीव्हीवर रोज सांगत होते. म्हटलं, घरात बसल्या बसल्या रोज संध्याकाळी आठ-दहा फोन तरी करू.

सगळ्यांना माझा एकच प्रश्न, "औषध घेतलं का?" आणि सगळ्यांचं एकच उत्तर, "घेतलं ना ताई." मी वहीत बरोबरची खूण करायची नि समाधानाने स्वयंपाकाला लागायची.

आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. नऊ वर्षांपासून त्या स्वतः इन्सुलिन घेत होत्या. एप्रिलच्या शेवटी मला कणकण वाटत होती, म्हणून त्या दिवशीचे फोन त्यांच्याकडे दिले. तासाभराने त्यांचा मला फोन आला. आवाज चढलेला. खेड्यातल्या एका बाईला त्यांनी 'औषध घेतलं का' असं विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, "शिशी कवा आणली वं?"

"पाडव्याच्या आधी."

"अन् अजून पुरली? तुले सकायी १८ अन् राती १२ सांगतले ना डाक्टरनं?"

पलीकडे एकदम शांतता. मग रडणं. "काय करू माय, पोरगा पुण्याहून वापस आला, त्याले काम नाई. किराणा आणू का माही शिशी आणू? म्हणून थोडं थोडं घेतो, पुरवून पुरवून."

हिशोब अगदी सोपा होता. आपल्याकडची नेहमीची इन्सुलिनची शिशी १० मिलिलिटरची असते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, म्हणजे शिशीत ४००. रोज ३० युनिट घेतले तर ती तेरा दिवसांत संपायला हवी. हिची पाच आठवडे चालली होती! शिवाय शिशी एकदा फोडली की साधारण चार आठवड्यांत वापरायची असते. ती बाई रोज जेमतेम १० युनिट घेत होती आणि मला रोज खरंच सांगत होती, "घेतलं ताई." घेत तर होतीच ना! खोटं कुठे बोलली?

मी बी.ए. झालेली, भाषणं देणारी, शिबिरं भरवणारी. पण हा हिशोब मला सुचला नाही. तो सुचला रोज स्वतःच्या पोटात सुई टोचणाऱ्या बाईला. कारण कधी काळी तिनेही शिशी अशीच पुरवून पाहिली होती.

दुसऱ्याच दिवशी आशाताईंना सांगून त्या बाईची शुगर तपासली. डॉक्टरांशी बोलणं झालं आणि सरकारी दवाखान्यातून इन्सुलिनची सोय झाली. घरात फ्रीज नव्हता आणि बाहेर विदर्भाचं ऊन. शिवणवाल्या ताईंनीच फोनवर युक्ती सांगितली. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आत डबीत शिशी नि वरून ओलं फडकं.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. सगळ्यांना मी फोन करायचा, हे बंद. शुगरवालीची जोडी शुगरवालीशी, दमेवालीची दमेवालीशी. डायलिसिसवर असलेल्या गृहस्थांच्या बायकोला तशाच दुसऱ्या घरातली बाई जोडून दिली. नियम तीनच. आधी आपलं सांगायचं, मग तिचं विचारायचं. डोस कमी-जास्त करायचा सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही, ते काम डॉक्टरांचं. आणि श्वास लागला, गुंगी आली तर घरच्यांना लगेच दवाखान्यात न्यायला सांगायचं.

माझीही जोडी लागली. शिवणवाल्या ताईंनी मला विचारलं, "तुमची बीपीची गोळी?" मी हसून विषय बदलायला गेले. "पाकीट हातात घ्या आन् मोजा," त्या म्हणाल्या. आठ गोळ्या जास्त निघाल्या. जगाला सांगणारी मी, माझीच गोळी विसरत होते!

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ तुम्ही ऐकलं असेल. कंपवाताचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे घरचे लोक एकमेकांना आधार देण्यासाठी तिथे जमतात. लॉकडाउनमध्ये त्यांनी आपल्या सभा बंद न करता ऑनलाइन घेतल्या. आमच्याकडे सगळ्यांकडे मोठे मोबाइल नव्हते, साध्या फोनवरच निभावलं. पण गोष्ट एकच. आपल्यासारखंच दुखणं असलेलं माणूस भेटलं की लाज गळून पडते.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. घरोघरी आजारांची माहिती विचारायचे. उचलून नेतील या भीतीने काही बाया शुगर लपवू लागल्या. त्यांना तयार केलं ते जोडीदारणींनी. २०२१ च्या १ मार्चपासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी माणसांनाही लस मिळू लागली. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागे. तेव्हाही एकीने दुसरीला ओढत नेलं.

सगळ्याच वाचल्या, असं मात्र नाही. विदर्भात दुसरी लाट लवकर आली. फेब्रुवारी २०२१ पासूनच अमरावती, अकोल्याच्या बातम्यांनी धडकी भरत होती. आमच्या जिल्ह्यात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते २०२४ मध्ये सुरू झालं. एप्रिल २०२१ मध्ये दमा असलेली आमची एक मैत्रीण गेली. आदल्या रात्री ती फोनवर बोलली होती, आवाज जड होता. "मले समजलं कसं नाई?" असं म्हणत तिची जोडीदारीण कित्येक दिवस जेवली नाही. मग आम्ही पाळी लावून रोज तिला फोन केला. समजावायला नव्हे, नुसतं ऐकायला. समजावण्यासारखं आमच्याकडे होतं तरी काय?

आता कोरोनाची भीती सरली. शुगर, बीपी, दमा मात्र कुठे गेले नाहीत. आणि घरात पैशाची ओढ लागली की पहिलं औषध बंद होतं ते बाईचं, हेही तसंच आहे. आमच्या जोड्या अजून टिकून आहेत. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा फोन होतोच. ती पाच आठवडे शिशी पुरवणारी बाई आता दोघींना फोन करते. तिचा पहिला प्रश्न कोणता असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतही शुगरची, बीपीची कुणीतरी असेलच. तुम्हालाही तेच दुखणं असेल, तर तिच्याकडे जा. आधी तुमची गोळी तिला दाखवा, मग तिची बघा. आणि 'घेतलं का?' असं विचारू नका. 'कधी आणलं होतं?' असं विचारा.