पेटीचा स्वतंत्र संसार

गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी हार्मोनियम, म्हणजे मराठी माणसाची पायपेटी किंवा हातपेटी, साथीच्या जागेवरून उचलून स्वतंत्र वादनाच्या बैठकीत आणली, आणि हाच त्यांच्या वारशाचा गाभा होय. या वाद्याच्या पट्ट्या ठरावीक स्वरांना बांधलेल्या असल्याने त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, शक्य नसते. तरीही गायक भास्करबुवा बखल्यांच्या गायकीच्या संस्कारातून टेंब्यांनी त्यातून गळ्याचा भास निर्माण केला. 1911 च्या ‘संगीत मानापमान’ नाटकाच्या त्यांनी बांधलेल्या चालींनी नाट्यपदाला रागदारी चिजांचा आणि ठुमरीचा डौल दिला. 1913 मध्ये ते नट बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले, ‘मानापमान’चा नायक धैर्यधर याच्या भूमिकेत रंगमंचावर उभे राहिले, आणि 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटात नायक व संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी झळकले. वादकाने पडद्याआड न राहता स्वतःच आकर्षणकेंद्र व्हावे, हे त्या काळी विलक्षणच होते. पुढे आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके हार्मोनियमवर बंदी घातली, परंतु मराठी रंगभूमीवरून आणि भजनांतून पेटी हटली नाही.