काड्यांचे रेणू आणि पडद्यावरचे अणू

अ‍ॅटोमास नावाचा खेळ मोबाइलवर उघडला की पडद्यावर एक रिंगण दिसतं. रिंगणात रंगीत गोळे, गोळ्यांवर मूलद्रव्यांच्या खुणा. मधोमध नवा गोळा येतो; तो कोणत्या फटीत सारायचा हे आपण ठरवायचं. लाल अधिकचं चिन्ह हाती आलं आणि दोन सारख्या गोळ्यांमध्ये बसवलं, की दोघांचं मिळून पुढचं मूलद्रव्य तयार होतं. हायड्रोजन-हायड्रोजनचं हेलियम, हेलियम-हेलियमचं लिथियम. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना सारखाच क्रम रचून ठेवला असेल तर साखळी लागते आणि गुण भराभर चढतात. रिंगण गच्च भरलं की डाव संपला. डोकं चालवावं लागतं, वेळही मजेत जातो.

पण यात रसायनशास्त्र शोधू नका. खऱ्या रसायनात दोन हायड्रोजन जवळ आले की हायड्रोजनचा रेणू होतो. अणू आपापलं नाव सोडत नाहीत. हायड्रोजनचं हेलियम होतं ते सूर्याच्या पोटात, दीड कोटी अंश तापमानाला, आणि तिथेही एका हेलियमसाठी चार हायड्रोजन लागतात. मुलांना या खेळातून आवर्तसारणीचा क्रम पाठ होतो, आणि तो फायदा कमी नाही. फक्त कोणाचा हात किती जणांना धरतो, ती संयुजा, खेळात कुठेच नाही.

ती शिकवण्याची सोपी युक्ती आमच्या भोपाळपासून फार दूर सापडली नव्हती. होशंगाबाद, म्हणजे आताचं नर्मदापुरम. तिथल्या १६ सरकारी शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांची नजर गेली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा इवलासा तुकडा कापला की त्यात दोन्हीकडून आगपेटीची काडी घट्ट बसते. तुकड्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडलं की तिसरी काडी. एका तुकड्यातून दुसरा तुकडा ओवून घेतला की चार काड्यांचा सांधा. सांधा म्हणजे अणू आणि काडी म्हणजे बंध; चार काड्यांचा हाच कार्बन! चौकोन केला तर तो डुगडुगतो, त्रिकोण मात्र हलत नाही, हे बोटांना आपोआप कळतं. १९८२ मध्ये भोपाळला ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली आणि हे काम तिने पुढे नेलं. राज्य सरकारने २००२ साली तो उपक्रम बंद केला, हा माझ्या मते करंटेपणा.

या भोपाळ शहरात रेणूंबद्दल लिहायचं आणि मिथाइल आयसोसायनेट टाळायचं, हे जमणार नाही. तीन हायड्रोजन, दोन कार्बन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. काड्यांनी करायचा तर सात सांधे आणि आठ काड्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री इथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत हाच द्रव सुमारे ४० टन होता, तो थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. पाण्याशी संयोग होताना कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर पडते. उष्णतेने संयोग आणखी वेगाने होतो. ३९ अंशांना उकळणारा द्रव मग टाकीत कसा राहणार? झोपेतली वस्ती वायूत सापडली.

ही उष्णता मोबाइल दाखवत नाही आणि खरं सांगायचं तर काड्याही दाखवत नाहीत. ती दाखवायचा कळीचा चुना. दिवाळीआधी भिंतींना सफेदी देण्यासाठी तो पाण्यात टाकला की पिंप कसं खदखदायचं, हे आज साठी ओलांडलेल्यांनी पाहिलेलं आहे. प्रयोग मोठ्यांनीच करावा, डोळे सांभाळून, आणि मुलांना लांबून दाखवावा.

काड्यांचा मात्र कसलाच धोका नाही, गूल तेवढं आधी खरवडून टाकायचं. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मागा. सुट्टीत मुलांच्या हातून मोबाइल काढून घेऊ नका. शेजारी एक आगपेटी ठेवा आणि पाण्याचा रेणू करायला सांगा.