ठसा उलटा, कप तडकलेला

मागच्या महिन्यात आमच्या साखरखेर्ड्याच्या गटातल्या एका ताईंनी हात टेकले. पिशव्यांवर छापायला त्यांनी लाकडावर गावाचं नाव कोरलं, तर कापडावर ते उलटं उमटलं. मातीचे सहा कप केले, त्यातल्या चारांचे कान तडकले. "हे आपलं काम नाही," म्हणाल्या. आम्हालाही घटकाभर तसंच वाटलं.

भाकर बिघडली तर तव्यावरच कळते. इथे ठसा उचलेपर्यंत, भट्टी थंड होईपर्यंत काहीच कळत नाही, म्हणून शंका जास्त खाते.

ठशाचं सोपं आहे. जे कोराल त्याचं आरशातलं रूप उमटतं. नाव पातळ कागदावर लिहा, कागद पालथा घाला आणि मागून दिसणारी अक्षरं लाकडावर गिरवा.

कपाचं जरा किचकट. कप वाळत आला होता आणि कान ओला लावला. ओली माती वाळताना आकसते. कप आधीच आकसलेला, म्हणून सांध्यावर ताण आला. दोन्ही सारखे ओलसर असतानाच जोडायचे. जोडाची जागा खरवडून मातीची राबडी लावायची आणि ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू द्यायचं. भट्टीत घालण्याआधी कप गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे, तिची वाफ कप फोडते.

निर्मला पटवर्धन यांचा जन्म १९२८ मध्ये सिंधमधल्या हैदराबादचा. शांतिनिकेतनात शिकल्या, इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्याकडे मातीकाम केलं. भांड्यावरच्या झिलईचे प्रयोग त्या वर्षानुवर्षं करत राहिल्या आणि त्यातून कुंभारकामाचं मोठं पुस्तकच लिहिलं. झिलई लाकडाच्या राखेचीही होते, पण त्यासाठी साधारण साडेबाराशे अंशांची आच लागते. आम्ही पऱ्हाटीची राख लावून गावच्या भट्टीत भाजली. राख तशीच पांढरी राहिली. हसू आलं, पण तेही वहीत लिहिलं.

वही आता गटाचीच आहे. माती कुठली, किती दिवस वाळवली, भट्टीत कप कुठे ठेवला, काय फुटलं, सगळं त्यात असतं.

ताईंच्या दुसऱ्या खेपेत सहापैकी एकच कान तडकला. पिशवीवरचं नावही सरळ आलं. रफार मात्र बारीक होता, कोरताना उडाला. तो आता मोठा कोरायचा आहे.