शुक्राच्या वातावरणातील गंधकयुक्त वायू

शुक्र ग्रहाच्या वातावरणात सल्फर डायऑक्साइड, कार्बोनिल सल्फाइड, सल्फर मोनॉक्साइड इत्यादी गंधकयुक्त वायू आढळतात. वातावरणाचा सुमारे ९६.५ टक्के भाग कार्बन डायऑक्साइडचा असून त्या मानाने या वायूंचे प्रमाण अत्यल्प आहे. तथापि ग्रहाला वेढणारे दाट ढग त्यांच्यापासूनच तयार होतात. शुक्रावरील ज्वालामुखी आजही जागृत आहेत का, या प्रश्नाच्या दृष्टीने या वायूंचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

ढगांची निर्मिती

शुक्राचे मुख्य ढग साधारणपणे ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर असून ते गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांचे बनलेले आहेत. ढगांच्या माथ्याशी सूर्यप्रकाशामुळे घडणाऱ्या अभिक्रियांत सल्फर डायऑक्साइडपासून सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतो आणि पाण्याच्या वाफेशी त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल बनते. खाली येणाऱ्या थेंबांची जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच उष्णतेने वाफ होते व तिचे विघटन होते. ढगांखाली सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे १५० भाग असते. ढगांच्या वर ते शेकडो ते हजारो पटींनी कमी होते. एवढ्या मोठ्या घटीचे पूर्ण स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही.

निरीक्षण पद्धती

सल्फर डायऑक्साइड अतिनील किरणे शोषून घेतो. त्यामुळे परावर्तित सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावरून ढगांच्या माथ्यावरील त्याचे प्रमाण काढता येते. ढगांखालील थरांसाठी ग्रहाच्या रात्रीच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांचा उपयोग होतो. प्रत्येक पद्धतीने ठरावीक उंचीचाच थर अभ्यासता येतो.

ज्वालामुखींचा प्रश्न

१९७८ मध्ये शुक्राच्या कक्षेत पोहोचलेल्या पायोनियर व्हीनस यानाला ढगांवर सल्फर डायऑक्साइडचे मोठे प्रमाण आढळले. पुढील वर्षांत ते झपाट्याने घटले. १९८४ मध्ये लॅरी एस्पोझिटो यांनी याचा संबंध एखाद्या मोठ्या उद्रेकाशी जोडला. व्हीनस एक्सप्रेस यानानेही २००६ नंतर असेच चढउतार नोंदवले. मात्र वातावरणातील ऊर्ध्व प्रवाह बदलल्यास खालचा वायू अधिक प्रमाणात वर येऊ शकतो. त्यामुळे केवळ वायूच्या वाढीवरून उद्रेक सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मॅगेलन यानाच्या १९९१ मधील रडार प्रतिमांची तुलना करण्यात आली. तीत माट मॉन्स या ज्वालामुखीजवळील एका विवराचा आकार बदललेला दिसल्याने सक्रियतेच्या शक्यतेला स्वतंत्र आधार मिळाला.

आगामी मोहिमा

युरोपीय अंतराळ संस्थेच्या एनव्हिजन या नियोजित मोहिमेत गंधकयुक्त वायूंचे मापन अपेक्षित आहे. शुक्राचा पृष्ठभाग व वातावरण यांच्या अभ्यासासाठी आखलेल्या इस्रोच्या मोहिमेला भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.