वाचले किती, गेले किती

पाच-सातशे रुपयांचा कुर्ता म्हणजे घरखर्चात दखल घेण्याजोगा आकडा नव्हे, अशी शहरी मध्यमवर्गात सर्वसाधारण समजूत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2023-24 सालच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात मात्र शहरी भारतातील माणशी मासिक खर्चाची सरासरी 6,996 रुपये आणि ग्रामीण भारतातील 4,122 रुपये आढळली. म्हणजे धान्य, भाडे, औषधे, प्रवास असे सगळे धरून शहरातला सरासरी माणूस महिन्याला जेवढे खर्च करतो, त्याचा दहावा हिस्सा एका सातशे रुपयांच्या कुर्त्यात जातो. तरीही मोबाइलवरून तो मागवताना हात आखडत नाही आणि महिनाअखेरीस घरातल्या कोणाला तो आठवतही नाही. याला उधळेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. ऑनलाइन खरेदीत कपडा निवडणे, तो बॅगेत टाकणे, पैसे भरणे, तो घरी येणे आणि पटला नाही तर परत पाठवणे या कृती एकमेकींपासून इतक्या सुट्या झाल्या आहेत की, त्यांतल्या कोणत्याही एका क्षणी ग्राहकाला आपण खर्च करत आहोत असे वाटत नाही, आणि जो खर्च जाणवत नाही त्याचा हिशेबही ठेवला जात नाही.

कपड्यांच्या खरेदीला महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पूर्वी ठरलेले हंगाम असत. दिवाळी, लग्नसराई आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश एवढ्या निमित्तांनी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, दादरच्या हिंदमाता परिसरात किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत जायचे, तर त्यासाठी रक्कम आधी बाजूला काढलेली असे, आणि ती संपली की खरेदीही संपे. किराण्याचे पैसे एका पाकिटात, दुधाचे दुसऱ्या, मुलांच्या फीचे तिसऱ्या, अशी वाटणी करणाऱ्या गृहिणी जे करत होत्या, त्याला अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1985 साली ‘मानसिक हिशेब’ या संकल्पनेच्या रूपाने शास्त्रीय मांडणी दिली. सर्व रुपये सारखेच असले तरी माणूस मनातल्या मनात त्यांना वेगवेगळ्या खात्यांत टाकतो आणि एका खात्यातले दुसऱ्यात सहसा जाऊ देत नाही, असे हे विवेचन आहे. थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. जुनी पद्धत निर्दोष होती असे मुळीच नाही, कारण दुकानदाराकडची उधारी आणि लग्नातल्या मानपानाच्या साड्या यांनी अनेक कुटुंबांना कर्जात लोटले आहे. पण तिच्यात खर्चाची एकूण रक्कम एका दिवशी, एका बिलावर, घरातल्या चार माणसांसमोर येत असे. वर्षभर सुट्या सुट्या मागवलेल्या कपड्यांना ना पाकीट असते ना हंगाम, म्हणून त्यांची बेरीजही होत नाही.

या बेरजेच्या जागी ग्राहकापुढे दुसरीच एक वजाबाकी ठेवली जाते, आणि सगळ्या विषयाचे मर्म त्या वजाबाकीत आहे. मोबाइलच्या पडद्यावरचे कुर्त्याचे एखादे पान नीट पाहिले तर वर छायाचित्र, त्याखाली 2,499 हा काट मारलेला आकडा, शेजारी ठळक अक्षरांत 749, त्यापुढे रंगीत अक्षरांत ‘70 टक्के सूट’, आणि बॅगेत टाकल्यावर तळाशी ‘या खरेदीत तुमचे 1,750 रुपये वाचले’ असे वाक्य, अशी मांडणी दिसते. कापड सुती आहे की मिश्र धाग्याचे, अस्तर आहे की नाही, हे समजण्यासाठी मात्र बोटाने बरेच खाली सरकावे लागते. काट मारलेला आकडा ही छापील कमाल किंमत असते, आणि तिच्याबद्दल एक व्यापक गैरसमज आहे. कायद्याने त्या किमतीपेक्षा जास्त दर आकारता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. वस्तूचे मोल तेवढे आहे याची ती ग्वाही नव्हे, कारण ती किती छापावी हे उत्पादकच ठरवतो. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी 1974 साली दाखवून दिले की, अंदाज बांधताना माणसाचे मन आधी कानावर पडलेल्या आकड्याला, तो असंबद्ध असला तरी, धरून राहते आणि तिथून थोडेच इकडेतिकडे सरकते. मनाने नांगर टाकावा तसा हा प्रकार असतो. 2,499 हा तसा नांगर आहे. तो नसता तर 749 रुपये त्या कुर्त्याला जास्त की कमी, हा प्रश्न ग्राहकाने कापडाकडे पाहून सोडवला असता.

थेलर यांनी खरेदीतून मिळणाऱ्या समाधानाचे दोन भाग केले आहेत: वस्तूच्या उपयोगाचे समाधान आणि सौदा चांगला पटल्याचे समाधान. दुसरे समाधान पहिल्याविनाही मिळू शकते, म्हणूनच एकदाही अंगावर न चढलेला कपडा कपाटात असूनही तो ‘स्वस्तात मिळाला’ याचा आनंद टिकतो. हे समाधान किती खोल रुजलेले असते, याचा पुरावा अमेरिकेतील जे. सी. पेनी या जुन्या वस्त्रदालन साखळीने स्वतःची मोठी हानी करून दिला. 2012 साली तिचे नवे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी फुगवलेल्या किमती, कूपने आणि वारंवारचे सेल बंद करून रोजचा एकच रास्त भाव लावला; त्या एका वर्षात विक्री सुमारे 25 टक्क्यांनी घसरली, एप्रिल 2013 मध्ये जॉन्सन यांना पायउतार व्हावे लागले, आणि कंपनी पुन्हा सवलतींकडे वळली. अपयशाची इतरही कारणे सांगितली जातात, तरी सूट दिसेनाशी झाल्यावर ग्राहकच फिरकेनासे झाले, हा त्यातला मुख्य धडा मानला जातो. तेव्हा या प्रकाराचा दोष एकट्या विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही.

पैसे भरण्याच्या रीतीचा परिणामही तितकाच दूरगामी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवल्या. काहींना रोख पैसे द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोलीची सरासरी रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. हातातून नोट सुटताना होणारी जी बारीकशी वेदना माणसाला सावध करते, ती कार्डाने बोथट होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. भारतात या वेदनेशी जुळवून घेण्याचा एक वेगळा मार्ग निघाला. न पाहिलेल्या वस्तूसाठी आगाऊ पैसे द्यायला ग्राहक तयार नसल्याने फ्लिपकार्टने 2010 साली ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली. पोस्टाच्या व्ही. पी.ने पुस्तके मागवलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवी नव्हती. या पद्धतीत विश्वासाचा प्रश्न सुटला, पण मागणी नोंदवण्याचा क्षण आणि पैसे देण्याचा क्षण यांत चार-पाच दिवसांचे अंतर पडले. मागणी नोंदवताना काहीच जात नाही असे वाटू लागले, आणि पुडके दारात आल्यावर ते नाकारून परत पाठवण्याचे प्रमाण ही विक्रेत्यांची कायमची डोकेदुखी होऊन बसली. पुढे 2016 साली यूपीआय आले आणि पैसे देणे म्हणजे चार-सहा आकडी पिन दाबणे एवढेच उरले. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ या सोयीत तर पैसे देण्याची कृती पुढच्या महिन्यातल्या, दुसऱ्या वस्तूंबरोबरच्या एकत्रित बिलात विरून जाते. बिनव्याजी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हप्त्यांबाबत रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी किमतीत, नाकारलेल्या रोख सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते.

घरपोच शुल्काचे गणित लहान दिसते, पण त्याने बॅग फुगते. 449 रुपयांचा टॉप निवडल्यावर 799 रुपयांच्या आतल्या खरेदीला 79 रुपये पोहोचवणावळ पडेल असे दिसते, आणि ती टाळण्यासाठी 399 रुपयांची लेगिंग बॅगेत येते. 79 रुपये वाचवण्यासाठी 399 रुपये गेले, हे कागदावर लिहिले की लगेच उमगते; पडद्यावर ते उमगत नाही, कारण ‘मोफत’ हा शब्द हिशेबाची रीतच बदलून टाकतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॅन अरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची चॉकलेट 15 सेंटला आणि साधे चॉकलेट 1 सेंटला ठेवले, तेव्हा बहुतेकांनी उंची चॉकलेट घेतले. दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवून साधे चॉकलेट फुकट केले, तेव्हा बहुतेक जण त्याच्याकडे वळले. दोहोंमधला फरक तसूभरही बदललेला नव्हता.

परत करण्याच्या सोयीबद्दल थोडे विस्ताराने बोलणे आवश्यक आहे, कारण जपून खर्च करणारे ग्राहक सर्वाधिक भरवसा तिच्यावरच ठेवतात. कपड्याचे माप ही या व्यापारातली जुनी अडचण आहे; एका ब्रँडचा ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘लार्ज’एवढा निघतो, आणि भारतीय शरीरयष्टीवर आधारलेले प्रमाणित मापतक्तेच नसल्याने वस्त्रोद्योग मंत्रालय व राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांना मुंबई-दिल्लीसह सहा शहरांतील सुमारे 25 हजार लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला. मापांच्या या गोंधळात ग्राहक एकच कुर्ता दोन मापांत मागवतो, एक ठेवून दुसरा परत करायचा असे ठरवून. परंतु घरात आलेली वस्तू मनाने लगेच आपली होते. काहनेमन, नेट्श आणि थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांच्या हाती साधा कॉफीचा मग दिला गेला, त्यांनी तो विकायला जी किंमत मागितली ती मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या घरात होती. कपड्याचे तर त्याहून अवघड होते: खांद्यात किंचित घट्ट आहे, पण रंग बरा आहे, बहिणीला होईल, थोडे वजन उतरले की बसेल. असे म्हणत सात किंवा चौदा दिवसांची मुदत टळते, आणि किमतीची चिठ्ठी लोंबकळत असलेला तो कुर्ता कपाटाच्या मागच्या रांगेत जातो. परत केलेल्या कपड्याचे पैसे बँकेऐवजी त्याच ॲपच्या वॉलेटमध्ये जमा झाले, तर मानसिक हिशेबात ते वरकमाईच्या खात्यात पडतात आणि तिथेच, पुन्हा कपड्यांवर, खर्च होतात.

महाराष्ट्रापुरता विचार करता या सवयींना सणांची जोड मिळाली आहे. नवरात्रातले नऊ दिवस नऊ रंग ही प्रथा मराठी वृत्तपत्रांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रुजवली; तिला धर्मशास्त्राचा आधार नाही, पण लोकल गाडीत आणि कार्यालयांत एका रंगात दिसण्यातला सामूहिक आनंद खरा आहे आणि तो हिणवण्याचे कारण नाही. खर्चाच्या दृष्टीने मात्र नऊ रंगांची यादी म्हणजे कपाटात नसलेल्या रंगांची यादी ठरते. 6 ऑक्टोबर 2014 रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ केला, तेव्हापासून मोठे सेल दिवाळीआधीच्या, म्हणजे नवरात्राच्याच सुमारास येऊ लागल्याने राखाडी किंवा मोरपंखी रंगाचा कपडा एका दिवसासाठी मागवणे अगदी सहज झाले. पैठणीच्या बाबतीत तर शब्दच फसवतात. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम. ‘पैठणी स्टाइल’ म्हणजे येवल्याच्या हातमागावर विणलेली पैठणी नव्हे. शुद्ध रेशमाची खूण म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 साली सुरू केलेला सिल्क मार्क पाहणे, हा इथे सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

कायद्याने यात उशिरा का होईना, लक्ष घातले आहे. ग्राहकाच्या मनाविरुद्ध निर्णय घडवून आणणाऱ्या पडद्यावरच्या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून अशा 13 प्रकारांना मनाई केली. साठा भरपूर असताना ‘शेवटचे 2 नग शिल्लक’ असे भासवणे, न विचारता बॅगेत देणगी किंवा विमा घालणे, सुरुवातीला कमी किंमत दाखवून अखेरच्या पानावर शुल्के चढवणे, हे त्यांत मोडतात, आणि त्यांची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. काट मारलेला आकडा दाखवून सूट मिरवणे मात्र एरवी कायदेशीरच राहते, त्यामुळे खरेदीच्या क्षणी ग्राहकाचा मुख्य प्रतिस्पर्धी त्याच्या स्वतःच्या मनातच उरतो.

कपड्याची खरी किंमत ठरवण्याची एक साधी रीत म्हणजे तिला अंगावर घालण्याच्या वेळांनी भागणे. 749 रुपयांचा कुर्ता दोन धुण्यांत विटून तीनदा वापरला गेला, तर दर वेळेला 250 रुपये पडले. 1,800 रुपयांचा सुती कुर्ता तीन वर्षांत साठ वेळा वापरला, तर 30 रुपये. लग्नाच्या शालूला हा भागाकार लावू नये, तो वेगळ्या कारणासाठी घेतलेला असतो. पण जुन्या नऊवारी सुती लुगड्याची पुढे गोधडी होई, तेव्हा त्याच्या वापराची मोजणी साडी फाटल्यावरही चालू राही, आणि दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देताना प्रत्येक कपडा उजेडात धरून, बोटांत चुरगाळून पाहत असे. पडद्यावरच्या खरेदीत नेमकी ही कापड चुरगाळून पाहण्याची पायरी गळली आहे. तिची जागा धाग्याची माहिती, इतर ग्राहकांनी टाकलेली धुतल्यानंतरची छायाचित्रे आणि स्वतःच्या छाती-कमरेचे टेपाने घेतलेले माप यांनीच थोडीफार भरून निघते.

एकूण खर्च पाहण्याचे साधनही त्याच ॲपमध्ये असते, फक्त ते पहिल्या पानावर नसते. ‘माझ्या ऑर्डर’ या सदरात साधारणपणे जुन्या खरेदीची तारीखवार नोंद मिळते. दोन-तीन ॲपमधल्या बारा महिन्यांच्या नोंदी वहीत उतरवून, परत केलेल्या कपड्यांची रक्कम वजा करून, काट मारलेले आकडे पूर्णपणे वगळून केवळ प्रत्यक्ष भरलेल्या पैशांची बेरीज करायला एक संध्याकाळ पुरते. त्याच वहीत पुढे प्रत्येक कपड्यासमोर तो गेल्या वर्षात किती वेळा घातला, हे आठवून लिहिता येते, आणि हे काम कपाट उघडे ठेवून, मागची रांग पुढे काढून केले तर आठवणीवर फारसे विसंबावे लागत नाही.