मुलांची जत्रा छपराखाली

साजगावच्या विठोबाची यात्रा कार्तिकात भरते. वैशाखात मुलांची छोटी जत्रा भरवा, पण छपराखाली. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर, उन्हाने १४ माणसे दगावली. आपली पोरे तर करवंदांमागे दुपारभर रानात!

अकरा ते चार त्यांना कौलारू घरात जमवावे. पत्र्याखाली नको, भट्टी होते. सागरगोटे, सापशिडी, मधूनमधून कोकम सरबत. मोठ्या मुलांना घरच्या भातबियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळू द्या. रोज पाणी शिंपडून आठवड्याने कोंब मोजायचे. ऐंशीच्या वर आले तर बियाणे चांगले. कोणाचे जास्त, पैज लागू द्या! साठच निघाले, तर बापाला पेरणीआधी कळलेले बरे.