राघोबादादांच्या वकिलांचा यजमान

१७८१ मध्ये पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या राघोबादादांचे वकील हणमंतराव दोन पारशी साथीदारांसह लंडनला पोचले. काम होतं दादांसाठी इंग्रजांची मदत मिळवण्याचं. पण परमुलखात सोवळंओवळं सांभाळणं त्यांना जड जात होतं. तेव्हा एडमंड बर्क या खासदाराने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं हरितगृह त्यांच्या स्वयंपाकाला, नित्यकर्माला मोकळं करून दिलं. कुणाचाही आचार पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीतून येतो, त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करावा, अशी त्याची धारणा होती.

हाच बर्क आज कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा जनक मानला जातो. तो स्वतः मात्र व्हिग पक्षाचा. जन्म डब्लिनचा, १७२९ चा. वडील प्रोटेस्टंट, आई कॅथलिक. आयर्लंडमधल्या कॅथलिकांवर कायद्याने लादलेली बंधनं त्याने जवळून पाहिली होती. खासदार मतदारांचा सांगकाम्या नसतो, त्याने स्वतःच्या विवेकाने मत द्यावं, असं त्याने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या आपल्या मतदारांना तोंडावर सांगितलं. पुढे आयरिश व्यापाराची आणि कॅथलिकांची बाजू घेतली आणि १७८० मध्ये ती जागा गमावली.

१७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याने जळजळीत ग्रंथ लिहिला. समाज हा गेलेल्या, हयात आणि पुढे जन्मणाऱ्या पिढ्यांमधला करार आहे. तो एका फटक्यात मोडला तर शेवटी लष्कराला वश करणारा एखादा सेनापतीच धनी होईल, असा इशारा त्यात होता. नेपोलियनने सत्ता घेतली १७९९ मध्ये, बर्कच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. क्रांतीवरच्या या वादापायी १७९१ मध्ये त्याने जुना मित्र फॉक्सशी भर सभागृहात मैत्री तोडली. फॉक्सला रडू आवरेना.

अमेरिकन वसाहतींशी समेट करा म्हणणारा माणूस फ्रान्सबाबत उलटला, असा आरोप तेव्हाही झाला. मला तो पटत नाही. लंडनचं मंत्रिमंडळ असो, ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर असो वा पॅरिसची सभा, बेलगाम सत्ता त्याला कुठेच खपली नाही. मात्र फ्रान्समधल्या भुकेल्या माणसाची बाजू त्याने पुरेशी ऐकली नाही, आणि वंशपरंपरागत सरदारकीवर त्याने फाजील विश्वास टाकला. क्रांतीची बाजू घेणाऱ्या थॉमस पेनने त्याला याच मुद्द्यावर गाठलं, आणि पेनचं बरोबर होतं.

कंपनीचा भारतातला माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोग बर्कच्या पुढाकाराने १७८८ मध्ये उभा राहिला. बर्कचं सुरुवातीचं भाषणच चार दिवस चाललं. भारतातल्या लोकांचे स्वतःचे कायदे, हक्क आणि रीतिरिवाज आहेत. विलायतेत गुन्हा ठरणारी गोष्ट भारतात केली म्हणून क्षम्य होत नाही, हा त्याचा दावा होता. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तरीही माझं बाकी सारं विसरा, पण भारतासाठी केलेलं हे काम लक्षात ठेवा, असं बर्कने अखेरच्या काळात कळवलं होतं. त्याचा फ्रान्सवरचा ग्रंथ वाचणाऱ्यांनी कंपनीच्या कारभारावरचं त्याचं १७८३ चं भाषणही जरूर वाचावं.